वर बाझेल, खाली रॉटरडॅम

फेना शाळेत जायला लागली त्या वर्षी आलेदाने, म्हणजे माझ्या बायकोने, मला एक अट घातली. पोरगी वसतिगृहात राहील, आठवड्याचे पाच दिवस आईबापांवाचून काढील, ते चालेल. पण ती अभ्यासात मागं पडली, एका विषयात जरी मागं पडली, तर आपलं राहतं जहाज विकायचं आणि किनाऱ्यावर घर घ्यायचं. मी लगेच हो म्हटलं. सहा वर्षांच्या पोरीला बॅग घेऊन दारात उभी बघितल्यावर माणूस काहीही कबूल करतो. शिवाय पडलीच मागं तर गणितात पडेल, माझ्यासारखी, अशी माझी समजूत होती.

पडली ती भूगोलात. आणि भूगोलातही कशात, तर युरोपच्या नद्या आणि शहरं यांत.

आमच्याकडे दहाव्या वर्षी मुलांना युरोप असतो. हातात कोरा नकाशा देतात. त्यावर नद्यांच्या रेघा आणि शहरांचे ठिपके, नाव मात्र एकही नाही. ती आपण लिहायची. वर्षात अशा तीन चाचण्या. ऑक्टोबरातल्या पहिल्या चाचणीत फेनाला दहापैकी चार मिळाले. माझे आजोबा ऱ्हाइनवर, बाप ऱ्हाइनवर, मी स्वतः तीस वर्षं 'योहाना' हे आमचं नदीवरचं मालवाहू बार्ज खडी नाहीतर पेंड भरून रॉटरडॅमहून बाझेलला नेतोय, आणि माझ्या पोरीला कोलोन कुठं ते सापडू नये? वर्गातली लोटे नावाची मुलगी तिला म्हणाली, "तुझे बाबा जहाज चालवतात की नुसते पाण्यावर तरंगतात?" हे फेनाने मला फोनवर रडत रडत सांगितलं. त्या दिवशी मी रेडिओवर कुणाशी धड बोललो नाही.

"मे महिन्यातल्या शेवटच्या चाचणीपर्यंत थांबते," आलेदा म्हणाली. "तेव्हाही नाही जमलं तर जहाज विक्रीला."

"एका चाचणीपायी?"

"चाचणीपायी नाही, विबे. मी त्याच वसतिगृहात वाढले. एक वर्ष नापास झाले तेव्हा आठ महिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार कुणाला? घर म्हणजे जहाज, आणि ते मानहाइमला होतं."

एकट्याने जहाज चालवता येत नाही, कायदाही चालवू देत नाही, आणि आलेदा माझ्यापेक्षा सरस सुकाणू धरते. हे मी इथं लिहितोय, तिच्या तोंडावर म्हणणार नाही. ती उतरली की योहाना संपली. फेनाला हे कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "विकू नका. मी पास होते."

मग मी कंबर कसली. इनेके बाई, म्हणजे फेनाच्या वर्गशिक्षिका, यांनी मुलांना सरावासाठी एक ऑनलाइन अ‍ॅटलास दिला होता. मी आधी नाक मुरडलं, पण उघडून बघितला आणि हरखून गेलो. नदीवर बोट ठेवलं की ती उगमापासून मुखापर्यंत निळी उजळायची. डोंगर हवे तर ठेवा, नको तर पुसा. देशांच्या सीमा काढून टाका, युरोप एकदम मोकळा. कुठंही टाचणी लावता यायची, अंतर मोजता यायचं, आणि सगळी नावं लपवून तो तुमची परीक्षाही घ्यायचा. बुधवारी दुपारी शाळेला सुट्टी असते. त्या वेळी आलेदा सुकाणू धरायची, मी केबिनमधल्या टेबलाशी अ‍ॅटलास उघडून बसायचो, तिकडं वसतिगृहात फेना तोच अ‍ॅटलास उघडायची, आणि फोनवर आमचा वर्ग भरायचा.

पहिल्याच बुधवारी ती म्हणाली, "बाबा, हा नकाशा आपल्यासारखा नाही."

"म्हणजे कसा?"

"आपण चाललोय ती बाजू वर नाहीये."

बघितलं तर खरंच. कोपऱ्यात होकायंत्राचं गोल चिन्ह होतं. ते बोटाने फिरवलं की अख्खा युरोप फिरायचा.

"फिरव," मी म्हटलं. "जहाजाचं नाक जिकडं, ती बाजू वर. बाकीचे लोक नकाशा उलटा का धरतात देव जाणे."

आमच्या केबिनमधल्या पडद्यावर नकाशा असाच असतो. जहाज खाली, नदी समोरून येतेय, पुढचं वळण वर. उत्तर कुठं आहे याच्याशी आम्हाला काय करायचंय? फेना पाळण्यात होती तेव्हापासून तो पडदा बघत वाढलेली. फिरवल्याबरोबर तिला सगळं दिसायला लागलं. रॉटरडॅम खाली, मग डुइसबुर्ग, कोलोन, कोब्लेन्झ, मानहाइम, स्ट्रासबुर्ग, आणि सगळ्यात वर बाझेल. ऱ्हाइन झाल्यावर बाकीच्या नद्याही आम्ही अशाच घेतल्या. डॅन्यूब रेगेन्सबुर्गहून समुद्राकडे, एल्ब हॅम्बुर्गहून ड्रेस्डेनकडे, ऱ्होन लियोंहून मार्सेयकडे. आपल्या जवळचं टोक खाली, लांबचं वर. जानेवारी संपेपर्यंत पोरगी अ‍ॅटलासच्या परीक्षेत वीसपैकी वीस घ्यायला लागली. माझी छाती अशी फुगली की येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक जहाजाच्या तांडेलाला मी रेडिओवर गाठून ही बातमी दिली.

"मार्क पडू देत, मग नाच," आलेदा म्हणाली.

तिचं शिकवणं वेगळंच होतं. रोज संध्याकाळी ती पोरीला एक आकडा पाठवायची, फक्त आकडा. ऱ्हाइनच्या काठावर किलोमीटरचे फलक असतात, आणि आम्ही कुठं आहोत हे आम्ही गावाच्या नावाने नाही, त्या आकड्याने सांगतो. ६८८ म्हणजे कोलोन, ४२४ म्हणजे मानहाइम. एवढं पुरतं. फेना त्या आकड्याच्या जागी अ‍ॅटलासवर टाचणी लावून ठेवायची.

फेब्रुवारीत दुसरी चाचणी झाली. इनेके बाईंचा फोन आला तेव्हा आम्ही भरल्या जहाजाने कोब्लेन्झ ओलांडत होतो आणि समोरून एक प्रवासी बोट अशी येत होती की नदी जणू तिच्या बापाची.

"वीसपैकी चार बरोबर," बाई म्हणाल्या. "म्हणजे दहापैकी दोन."

मी म्हटलं, "बाई, तुम्ही दुसऱ्या कुणाचा तरी पेपर बघताय."

पुढच्या आठवड्यात जहाज रिकामं करायला आमच्या गावी, रॉटरडॅमजवळच्या दोर्द्रेख्तला लागलं, आणि मी कामाचे बूटही न बदलता शाळेत जाऊन थडकलो. भांडायलाच गेलो होतो, खोटं कशाला बोलू. इनेके बाई साठीला आलेल्या, शांत. त्यांनी माझ्यासमोर कॉफी ठेवली. मी बसलो नाही.

"माझी पोरगी वीसच्या वीस नावं झोपेतून उठवून विचारली तरी सांगते," मी म्हटलं.

"सांगत असेल. इथंही वीसच्या वीस लिहिली आहेत. एका नावात चूक नाही." त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "फक्त हिची ऱ्हाइन समुद्रातून निघून आल्प्सवर चढते."

मी बघितलं. रॉटरडॅमच्या ठिपक्यापुढं फेनाच्या गोल अक्षरात लिहिलं होतं बाझेल. डुइसबुर्गपुढं स्ट्रासबुर्ग, कोलोनपुढं मानहाइम. नावांचा क्रम अगदी बरोबर, पण सगळी ओळ टोकाकडून टोकाकडे उलटी. तिने कागदाच्या तळापासून सुरुवात केली होती, मी शिकवलं तशी, आणि वर वर चढत गेली होती. चारही नद्यांचं तेच. प्रत्येक ओळीतलं मधलं गाव उलटं केलं तरी मधलंच राहतं, म्हणून कोब्लेन्झ, ब्रातिस्लाव्हा, माग्देबुर्ग आणि आव्हिन्यों एवढी चार बरोबर आली होती.

"अशी चूक आपोआप होत नाही," बाई म्हणाल्या. "हे कुणीतरी मन लावून शिकवलंय. कुणी शिकवलं असेल, तांडेल?"

तेव्हा मी बसलो. कॉफी घेतली. केबिनमधला पडदा, जहाजाचं नाक, फिरवलेला अ‍ॅटलास, सगळं सांगितलं. बाई इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढून ठेवावा लागला.

"मग तिला चाचणीत कागद फिरवू द्या," मी म्हटलं.

"फिरवू दे, माझी ना नाही. पण पुस्तकातले, भिंतीवरचे, बातम्यांमधले नकाशे तिला जन्मभर उत्तर वर धरूनच भेटणार. किती ठिकाणी फिरवेल?"

त्यांचं बरोबर होतं आणि माझी चूक होती. असं मला वर्षातून एकदाच वाटतं, आणि ते वर्ष त्या दिवशी भरलं.

जहाजावर येऊन मी आलेदाला सांगितलं, "तीन महिने मी तिला उलटं शिकवलं." ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "पोरीला सांग तुझी चूक होती. तिला वाटतंय ती मंद आहे." मी त्याच दिवशी फोन करून फेनाची माफी मागितली. मार्चमध्ये आलेदाने जहाजांच्या दलालाला बोलावलं, मे महिन्याआधी किंमत तरी कळावी म्हणून. त्याने फोटो काढले, मालाचा खण टेपने मोजला, इंजिनाची तारीफ केली. आठवड्याने त्याची जाड फाइल आली आणि आमच्या जेवणाच्या टेबलावर पडून राहिली. मी तिला हात लावला नाही. भिंतीकडे तोंड करून जेवायला शिकलो.

फेनाच्या डोक्यातून माझा नकाशा काढणं मात्र त्याहून कठीण निघालं.

"वर म्हणजे उत्तर," मी फोनवर सांगायचो.

"उत्तरेला काय आहे?"

"काही नाही. उत्तर आहे."

"मग तिकडं कशाला बघायचं?"

मी काय उत्तर देणार याचं, कपाळ! तिच्या डोक्यात दोन नकाशे एकमेकांशी भांडायला लागले. आधी उलटं का होईना, पण ठाम लिहायची. आता ठिपक्यावर बोट नेऊन अडकायची. अ‍ॅटलासच्या परीक्षेत वीसवरून नऊवर आली, मग सातवर. एका बुधवारी तिने मधेच अ‍ॅटलास बंद केला आणि म्हणाली, "बाबा, जहाज विकल्यावर तू काय करणार?" मी म्हटलं, "विकणार नाही आपण." पण मला भीती वाटत होती, आणि माझ्या आवाजात ती तिला ऐकू गेली असणार.

एप्रिलच्या मध्यावर एका बुधवारी आम्ही बाझेलहून रिकामे परत येत होतो, संत गोआरच्या वळणाशी. किलोमीटर ५५६. तिथं नदी अरुंद आहे, प्रवाहाला जोर आहे, म्हणून आलेदा सुकाणूवर होती आणि फोन मोठ्या आवाजात टेबलावर ठेवला होता.

"वीसपैकी वीस," फेना म्हणाली. "आणि नकाशा फिरवला नाही."

"चुकून फिरला असेल."

"नाही ना. उत्तर वर आहे. ऐक. आईच्या आकड्यांवर मी टाचण्या लावते ना? माल घेऊन निघालात की तुम्ही खाली जायला लागता. मग परत फिरलात की टाचण्या वर यायला लागतात. वर का येतात, सांग."

"का?"

"कारण मी वर आहे. मी इथं वर बसलेय आणि तुम्ही खालून माझ्याकडे येताय. तू मला जायचा नकाशा शिकवलास, बाबा. पण मी कुठं जाते? मी थांबलेली असते. माझा आहे तो यायचा नकाशा."

आलेदाने मान वळवली नाही, तिथं वळवता येत नाही. पण तिचे खांदे हलले ते मला दिसले.

"आणि डॅन्यूब?" मी कसंबसं विचारलं.

"बेलग्रेडला गेलात तर घरी यायला डावीकडं आणि वर. मार्सेयहून सरळ वर. ड्रेस्डेनहून पण वर. हॅम्बुर्गची बाजू सोडली तर कुठूनही माझ्याकडं वरच यावं लागतं. सोप्पंय."

सोपं होतं. तीस वर्षं नदीवर काढून मला ते दिसलं नव्हतं, कारण मी कायम जहाजावर होतो. ती चार वर्षं काठावर उभी राहून वाट बघत होती, आणि त्या वाट बघण्यातून तिने आपला अख्खा युरोप मांडला होता. मला तिचा अभिमान वाटला आणि तितकंच वाईटही वाटलं.

शेवटची चाचणी मे महिन्यातल्या एका शुक्रवारी सकाळी होती. आम्ही आदल्या दिवशीच येऊन लागलो. आलेदा शाळेत यायला तयार नव्हती. "मी डेक धुते," म्हणाली, जसा काही डेक पळून जाणार होता. मी शाळा सुटायच्या तासभर आधीच पटांगणात जाऊन उभा राहिलो, बाकीच्या आयांमध्ये एकटा बाप्या. तेवढ्यात इनेके बाईंनी खिडकीतून हाक मारली.

"तांडेल, आत या. तुम्ही हे बघितलं पाहिजे."

आत गेलो तर वर्गात गलका. बाईंनी दुपारच्या सुट्टीत पेपर तपासून वाटले होते. फेनाला वीसपैकी वीस होते. त्यावर लोटे म्हणाली होती, "पाठ केलं असेल. मागच्या वेळी पण केलं होतं." बाईंनी तिला रागावण्याऐवजी तो ऑनलाइन अ‍ॅटलास भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर उघडला, सगळी नावं लपवली, आणि वर्गाला सांगितलं, "योहाना कुठं अडकलीय ते तुम्ही सांगायचं. फेना तिला घरी आणेल."

मी दारातच थांबलो. फेना पडद्यापाशी उभी होती, पायात एक मोजा वर नि एक खाली. उत्तर वर होतं.

"पॅरिस," लोटे म्हणाली.

फेनाने बोट ठेवलं, नाव उजळलं. "सेनने थोडं डावीकडं, मग ओइझने वर, मग कालवे, मग स्केल्ड, आणि आलं." तिचं बोट नद्यांवरून सरकत आमच्या गावावर येऊन थांबलं.

"प्राग!"

"व्हल्तावा, मग एल्ब. ड्रेस्डेन, माग्देबुर्ग, इथून कालव्याने डावीकडं. आलं."

"बुडापेस्ट!"

"ब्रातिस्लाव्हा, व्हिएन्ना, लिंझ, रेगेन्सबुर्ग. कालव्याने माइन नदीत, मग ऱ्हाइनमध्ये. इथून पुढं मला डोळे मिटूनही येतं." आणि तिने खरंच डोळे मिटले. कोब्लेन्झ, कोलोन, डुइसबुर्ग, एकेका नावावर बोट टेकलं आणि एकेक नाव उजळत गेलं.

मागच्या बाकावरून कुणीतरी बाक वाजवला. मग दुसऱ्याने. जहाज घरी पोचलं की सगळा वर्ग बाकांवर हात आपटायला लागला. गालात्स, लियों, स्ट्रासबुर्ग. पोरं हात वर करून गावं फेकत होती आणि माझी पोरगी प्रत्येक ठिकाणाहून योहानाला सोडवून आणत होती. शेवटी लोटेने ठेवणीतलं बाहेर काढलं.

"रोम."

फेनाने रोमवर बोट ठेवलं. तेही अचूक. मग ती लोटेकडे वळली. "तिथं बार्ज जात नाही. माल ट्रकने बाझेलला आणून दे, पुढचं मी बघते."

वर्ग खो खो हसला. लोटेही हसली. म्हणाली, "हिला फसवता येत नाही," आणि तिने सगळ्यांपेक्षा जोरात बाक वाजवला. मी दारात उभा राहून रडलो. पटांगणातून तीन आयांनी मला बघितलं आणि मला त्याची लाज वाटली नाही.

धक्क्यावर आलो तेव्हा आलेदा खरंच डेक धूत होती. फेनाने कागद पुढं केला. आलेदाने नळी बंद केली, हात पुसले. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात लाल शाईत दहापैकी दहा लिहिलेले होते, पण तिने तिकडं बघितलंही नाही. बाझेलवर बोट ठेवलं आणि एकेक ठिपका वाचत वर रॉटरडॅमपर्यंत आली. मग बेलग्रेडहून वर. मग मार्सेयहून वर. वीसच्या वीस नावं तिने वाचली. फेना तोपर्यंत तिच्या बोटाकडे बघत उभी होती आणि मीही.

"आत चला, सूप गार होईल," आलेदा म्हणाली.

आत टेबलावर दलालाची फाइल तशीच होती. आलेदाने वाटाण्याच्या सूपचं गरम पातेलं उचलून बरोबर त्या फाइलवर ठेवलं आणि फोन लावला.

"'योहाना'ची मालकीण बोलतेय. जहाज विकायचं नाही आम्हाला." तिकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाही, किंमत चांगली होती तुमची. पण आमच्या पोरीला त्याची वाट बघायची आहे."

फोन ठेवून तिने आधी फेनाला वाढलं, मग मला, आणि विचारलं, "सोमवारी कुठला माल आहे?"

"पेंड," मी म्हटलं. "बाझेलला."